जादूगार आणि ‘अंगात येणारी’: निजामकाळातल्या मराठवाड्यातील प्रेमपटाची पटकथा कशी लिहावी

रंगमंचावर हातचलाखी दाखवणारा जादूगार आणि मृतांशी बोलण्याचा दावा करणारी तरुणी यांच्या प्रेमकथा पडद्यावर आल्या आहेत त्या बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या. समुद्रकाठचे बंगले, मोटारी, श्रीमंत विधवा आणि अंधाऱ्या खोलीत गोल टेबलाभोवती बसलेली मंडळी असा त्यांचा ठरलेला थाट असतो. हाच विषय मराठवाड्यात आणायचा असेल तर टेबलाच्या जागी पाट आणि बंगल्याच्या जागी गढी ठेवून काम भागत नाही. कोण कोणाला फसवतो आणि कोणाच्या संमतीने फसवतो, या एका प्रश्नावर अशी कथा उभी असते. जादूगार तिकीट लावून, ‘मी तुम्हाला चकवणार आहे’ असे सांगून चकवतो, तर ती स्त्री न सांगता चकवते, आणि तिला उघडे पाडायला तो निघालेला असतो. दोघांची हत्यारे मात्र पुष्कळदा एकच असतात. हा धागा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत हातात ठेवला, तर पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

काळ आधी ठरवा

माझ्या मते 1922 ते 1930 हा काळ या कथेला सर्वांत योग्य आहे. 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने देशभरात एक कोटीहून अधिक माणसे गेली होती, आणि ज्या घरातला तरुण मुलगा चार दिवसांच्या तापात गेला त्या घरात ‘त्याच्याशी एकदा बोलता आले तर’ ही ओढ वर्षानुवर्षे जिवंत होती. पाश्चात्त्य देशांत पहिल्या महायुद्धातल्या मृत्यूंमुळे मृतात्म्यांशी बोलणाऱ्या माध्यमांचा धंदा जसा वाढला, तसेच कारण आपल्याकडे या साथीत सापडते, आणि नायिकेकडे लोक का येतात याचे उत्तर तिथे मिळते. दुसऱ्या टोकाला, 1931 साली बोलपट आला आणि 1932 साली मराठी बोलपट आला. तंबूत खेळ करणाऱ्या जादूगाराच्या पोटावर येऊ घातलेले हे संकट कथेच्या क्षितिजावर दिसत राहिले पाहिजे. 1938 नंतर हैदराबाद संस्थानातील राजकीय लढा तीव्र होतो आणि मग तो लढा बाजूला ठेवून प्रेमकथा सांगणे लेखकाला अवघड जाते; ते प्रामाणिकही वाटत नाही.

त्या काळी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे निजामाच्या राज्यात होते, आणि इथे दिसणारी दुनिया पुण्या-मुंबईच्या दुनियेहून पुष्कळ वेगळी होती. राज्यकारभार उर्दूत चाले. जिल्ह्याचा अधिकारी कलेक्टर नसून तालुकदार असे आणि पोलिसांचा अमीन असे. बाजारात संस्थानाचा हाली रुपया चाले. ब्रिटिश मुलखातला तो कलदार, आणि सात हाली म्हणजे सहा कलदार असा साधारण हिशोब होता. सोलापुराहून किंवा मनमाडाहून आलेला जादूगार तिकिटाचा दर कोणत्या नाण्यात सांगतो आणि कोणत्या नाण्यात वसूल करतो, एवढ्यावरून त्याचा स्वभाव एका प्रसंगात दाखवता येतो. गावांच्या नावांकडेही लक्ष द्यावे. सरकारी कागदावर मोमिनाबाद लिहिलेले असले तरी लोकांच्या तोंडी अंबाजोगाईच असे, त्यामुळे पाटीवर एक आणि संवादात दुसरे नाव आले तर ते चुकीचे नसून बरोबरच आहे.

प्रवास रेल्वेने दाखवायचा असेल तर मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडमार्गे सिकंदराबादकडे जाणारी मीटरगेज घ्यावी. लातूरला मात्र 1911 पासून बार्शी लाइट रेल्वेची त्याहून अरुंद गाडी येत होती. हे रूळ आता उरलेले नाहीत, म्हणून स्थानकावरचे प्रसंग शक्यतो डब्याच्या आत किंवा फलाटावरच्या गर्दीत लिहावेत आणि रूळ दिसणारी चौकट टाळावी.

जादूगार कोण आहे

इंग्रजी सूट आणि उंच टोपी घातलेला नायक लगेच डोळ्यांसमोर येतो, पण तो उसना वाटतो. त्याऐवजी त्या काळच्या जादूगारांची एक खरी रीत वापरावी: दुसऱ्याच देशाचे सोंग घेण्याची. विल्यम रॉबिन्सन नावाचा अमेरिकी जादूगार चुंग लिंग सू या चिनी नावाने आणि वेषाने अखेरपर्यंत खेळ करत राहिला आणि 1918 साली लंडनच्या रंगमंचावर बंदुकीची गोळी झेलण्याच्या प्रयोगात जखमी होऊन मेला. आपल्याकडे ‘बंगाली जादू’चा दबदबा होता. जालन्याच्या एखाद्या सरकी-कापसाच्या पेढीवरचा पोरगा बंगाली प्रोफेसर बनून गावोगाव फिरतो, तोंडाने तोडकी हिंदुस्तानी बोलतो आणि रात्री तंबूमागे मराठवाडी मराठीत मदतनिसाला शिव्या घालतो, असा नायक मला जास्त विश्वसनीय वाटतो. खोटेपणा उघड करायला निघालेला हा माणूस स्वतःही एका खोट्या नावाखाली जगतो, ही गोष्ट कथेला फार उपयोगी पडते.

‘प्रोफेसर’ ही पदवी त्या काळच्या जादूगारांच्या नावापुढे सहज लागे. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटापूर्वी जादूचे प्रयोग केले होते आणि त्यासाठी आडनावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव घेतले होते. आपल्या सिनेमाचे मूळच जादूच्या खेळात आहे, हे लक्षात ठेवले म्हणजे या विषयावर चित्रपट काढताना संकोच वाटायला नको.

त्याचे खेळ मोजकेच ठेवावेत, पण त्यांतला एक तरी संपूर्ण लिहावा. काळ्या मखमलीचा खेळ मी सुचवीन. रंगमंच मागे, वर आणि खाली काळ्या मखमलीने मढवलेला असतो आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांवर येतील असे तेजस्वी दिवे पुढच्या कडेला लावलेले असतात. त्यामुळे पूर्ण काळे कपडे घातलेला मदतनीस कोणालाही दिसत नाही, आणि त्याने उचललेला पांढरा हंडा मात्र हवेत तरंगताना दिसतो. जिथे वीज नाही अशा गावी हा खेळ गॅसबत्त्यांवर सहज होतो. शिवाय त्यातून कॅमेऱ्याला हवे तेच मिळते: उजेड दाखवण्यासाठी वापरला जातो तसा लपवण्यासाठीही वापरला जातो.

नायिका आणि तिची युक्ती

पटकथेचा खरा भार इथे आहे, म्हणून सर्वाधिक वेळ इथे द्यावा.

भविष्य सांगणे आणि मनातले ओळखणे यांच्या देशी परंपरा मराठवाड्याला मुबलक आहेत. पहाटे झाडावर किंवा दारात येऊन बोलणारा पिंगळा आहे, कुडमुडे जोशी आहेत, तुळजापूरच्या परिसरातल्या, देवीची उपासना करणाऱ्या आराधिनी आहेत आणि प्रश्न विचारला की मान हलवून होकार-नकार देणारा नंदीबैल आहे. नंदीबैलाची मान मालकाच्या खुणेवर हलते हे पाहणाऱ्या पोरांनाही ठाऊक असते आणि तरीही म्हातारी माणसे बैलापुढे सूप धरून प्रश्न विचारतात. कथेच्या सुरुवातीला असा एक प्रसंग घातला, तर पुढच्या साऱ्या फसवणुकीचे गमक प्रेक्षकाला न शिकवता कळते. मात्र या परंपरांतल्या प्रत्येकाला भोंदू ठरवण्याची घाई करू नये. अंगात येणे ही अनेक स्त्रियांच्या बाबतीत खरी मानसिक अवस्था असते. आपली नायिका जाणूनबुजून ढोंग करते, आणि हा फरक पटकथेत एखाद्या खऱ्या आराधिनीच्या पात्रातून दिसायला हवा. नायिकेची देवी आणि तिचे ठाणेही काल्पनिकच ठेवावे.

ती ढोंग का करते? पैसा हे उत्तर पुरेसे नाही. ती बालविधवा असावी असे मला वाटते. माजघराच्या कोपऱ्यात बसलेल्या विधवेचे घरात कोणी ऐकत नाही, पण मंगळवारी तिच्या अंगात देवी आली की तोच सासरा तिच्या पायावर डोके ठेवतो. तिच्या ढोंगात अशा रीतीने तिचा एकमेव अधिकार साठलेला असतो आणि नायक जे उघडे पाडायला निघाला आहे ते हेच आहे. जात ठरवतानाही काळजी घ्यावी, कारण अनेक शेतकरी जातींत पाट लावून विधवेचा दुसरा विवाह होत असे, तर ब्राह्मण व तत्सम घरांत तो मार्ग बंद होता. शेवट कोणता शक्य आहे हे या एका निवडीवर अवलंबून आहे.

आता युक्ती. नायिकेला माहिती मिळण्याचे दोन मार्ग लिहून ठेवावेत. पहिला मार्ग माणसांचा. कासारीण प्रत्येक घराच्या माजघरापर्यंत जाते, बायकांचे हात हातात घेते आणि बांगड्या भरताना सगळे ऐकते. कोणाची सून नांदायला गेली नाही, कोणाचे दागिने सावकाराकडे आहेत, हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. त्यानंतर नायिकेचे स्वतःचे निरीक्षण येते: हातावरचे घट्टे, नुकत्याच काढलेल्या जोडव्यांचा वळ, गोंदणातले माहेरचे नाव. याच्या जोडीला ‘तुमच्या घरात एका बाईचं मन दुखावलेलं आहे’ यासारखी, कोणत्याही घराला लागू पडणारी वाक्ये असतात. समोरचा माणूस स्वतःच पुढचे सांगतो आणि नंतर सगळे देवीने सांगितले असे शपथेवर म्हणतो.

दुसरा मार्ग चिठ्ठ्यांचा आहे आणि तो जादूगार व माध्यमे दोघेही वापरत आले आहेत. सहा जणांनी आपला प्रश्न लिहून घडी केलेल्या चिठ्ठ्या ताम्हनात ठेवायच्या. त्यांतली एक साथीदाराची असते आणि ती ओळखीची खूण करून सर्वांत शेवटी उचलायची असते. नायिका पहिली चिठ्ठी न उघडता कपाळाला लावते आणि साथीदाराचा ठरलेला प्रश्न सांगते. साथीदार गहिवरून ‘माझाच’ म्हणतो. मग ती खात्री करण्याच्या निमित्ताने चिठ्ठी उघडते. प्रत्यक्षात तिच्यात दुसऱ्याच कोणाचा प्रश्न असतो. तो वाचून ठेवायचा, दुसरी चिठ्ठी कपाळाला लावायची आणि आत्ताच वाचलेला प्रश्न सांगायचा. अशा रीतीने ती कायम एक पाऊल पुढे राहते.

या युक्तीला एक अट आहे: तिला वाचता आले पाहिजे. खेड्यातल्या विधवेला अक्षरओळख नाही असे सारे गाव धरून चालते, आणि म्हणूनच चमत्कार पक्का ठरतो. ‘तिला कुठं वाचाया येतंय’ हे तिच्या भक्तांचे सर्वांत मोठे प्रमाण असते. तिचे खरे गुपित त्यामुळे देवीशी जोडलेले नसून तिच्या साक्षरतेशी जोडलेले आहे. बापाने तिला लपूनछपून बाळबोध आणि मोडी शिकवली होती, एवढे एका आठवणीत आले तरी पुरे.

नायकाला हे कसे कळते, तेही याच भूमीतून काढता येते. तो तिच्या डोळ्यांकडे पाहतो. उघडलेल्या कागदावर तिची नजर डावीकडून उजवीकडे सरकते. निरक्षर माणसाची नजर कागदावर अशी चालत नाही. तो काही बोलत नाही. पुढच्या मंगळवारी तो तालुक्याच्या अर्जनवीसाकडून एक प्रश्न उर्दूत लिहून आणतो. आता तिने चिठ्ठी उघडली तर नजर कुठून सुरू करावी हेच तिला कळणार नाही. या प्रसंगात ती कशी सुटते यावर तुमच्या पटकथेची गुणवत्ता ठरेल. ती देवीला गप्प करू शकते, चिठ्ठी दिव्यावर धरून जाळू शकते, किंवा ‘हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नको आहे’ असे म्हणून डाव उलटवू शकते. मला तिसरा पर्याय आवडतो, कारण त्यात तिने नायकाला तितकेच अचूक वाचलेले असते.

प्रेम कुठे आणावे

चंद्रप्रकाश, अचानक पाऊस आणि आडोसा हे सगळे वापरून झिजले आहे. या दोघांना एकमेकांची ओढ कौशल्यामुळे वाटली पाहिजे. आयुष्यात प्रथमच आपले काम समजणारे माणूस भेटल्याचा आनंद दोघांनाही आहे, आणि तो आनंद कोणाला सांगता येत नाही. म्हणून त्यांचा सर्वांत जवळिकीचा प्रसंग तो तिला उर्दू अक्षरे शिकवतो तो असावा. वाळूवर काडीने अलिफ, बे, पे. तिला खरे तर अधिक सफाईने फसवण्याचे शिक्षण तो देत आहे, हे दोघांनाही कळते, आणि तिला उघडे पाडण्याचा त्याने स्वतःशी केलेला निश्चय तिथेच मोडतो. संवाद इथे कमीत कमी ठेवावेत.

नायिकेचे गुपित प्रेक्षकांपासून शेवटपर्यंत लपवण्याचा मोह पुष्कळ लेखकांना होतो. तो टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येक क्षणी जिच्यावर संशय घ्यायचा तिच्यावर प्रेक्षकाचा जीव जडत नाही. चित्रपट मग कोडे होतो. पहिल्या एक तृतीयांश भागातच कासारीण आणि चिठ्ठ्या दाखवून टाकाव्यात, म्हणजे पुढे ‘हिला काही शक्ती आहे का’ हा प्रश्न मागे पडून ‘हिला तो उघडी पाडेल का’ हा प्रश्न उरतो. तसेच, सगळे स्पष्टीकरण झाल्यावर शेवटी एक खरा चमत्कार घडवून प्रेक्षकांना गोंधळात टाकण्याची पद्धतही सोडावी. तिने इतक्या कष्टाने कमावलेली विद्या त्या एका प्रसंगाने कवडीमोल होते.

भाषेचा पुरावा

प्रसिद्ध जादूगार हॅरी हुडिनी आणि मृतात्म्यांशी बोलता येते असे मानणारे, शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल यांची मैत्री ज्या बैठकीने बिघडली, तिचा उपयोग पटकथाकाराला होईल. 1922 साली डॉयल यांच्या पत्नीने हुडिनीच्या मृत आईचा म्हणून एक लांबलचक संदेश लिहून दिला. तो इंग्रजीत होता आणि त्याच्या आरंभी क्रूस काढलेला होता. हुडिनीची आई ज्यू धर्मगुरूची पत्नी होती आणि तिला इंग्रजी फारसे येत नव्हते. आपल्या कथेत याचे रूप बोलीचे होईल. लातूरकडची मेलेली आजी ‘काय करायलास रे’ असे विचारेल. ती ‘तू काय करतो आहेस, बाळा’ असे म्हणाली तर ऐकणाऱ्या नातवाच्या कपाळावर आठी पडलीच पाहिजे. हा प्रसंग तुम्ही घ्या अथवा घेऊ नका, पण त्यामुळे एक शिस्त आपोआप लागते: जालना, लातूर आणि नांदेड यांच्या बोलींची सरमिसळ करायची नाही, आणि शहरी अधिकाऱ्याच्या तोंडची दखनी उर्दू वेगळी ठेवायची. संवाद लिहून झाल्यावर त्या-त्या भागातल्या वयस्क माणसांकडून ते मोठ्याने वाचून घ्यावेत. उर्दू चिठ्ठीचे हस्ताक्षर जाणकाराकडून लिहून घ्यावे, कारण ती चौकटीत जवळून दिसणार आहे.

चमत्कार पडद्यावर दाखवताना

देवीच्या कौलात कुंकू ‘उमटवायचे’ असेल तर हळद आणि चुना पुरतो: हळद लावलेल्या कापडावर चुन्याचे पाणी पडले की लाल रंग येतो. घरात सहज मिळणाऱ्या या दोन वस्तूंमुळे प्रसंग काळाशी सुसंगत राहतो आणि चित्रीकरणातही धोका नाही. आपोआप पेटणाऱ्या होमाचा चमत्कार हवा असल्यास त्यामागचे रसायन कथेत कुठून आले ते सांगता येते. पटकीच्या साथीत विहिरींत टाकण्यासाठी पोटॅशियम परमँगनेट गावोगाव वापरले जाई, आणि त्याची पुडी नायिकेच्या साथीदाराला मिळणे शक्य होते. प्रत्यक्ष चित्रीकरणात मात्र आग प्रशिक्षित माणसांवरच सोपवावी आणि कृतीचे प्रमाण पडद्यावर दाखवू नये.

कायद्याच्या दृष्टीने दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा 2013 सालचा आहे, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर आलेला. तेव्हा 1925 सालच्या अमिनाला नायिकेला पकडण्यासाठी असे कोणतेही विशेष कलम उपलब्ध नव्हते. तो फार तर फसवणुकीचा गुन्हा लावेल, तोही संस्थानाच्या स्वतःच्या दंडकायद्याखाली, आणि त्यासाठी फसवला गेलेला माणूस तक्रारीला पुढे यावा लागेल. गावातून कोणीच पुढे येत नाही, ही गोष्ट कथेला पोषक आहे. आजच्या चित्रीकरणाला मात्र आजचा कायदा लागू आहे, आणि खोटा चमत्कार खरा म्हणून लोकांपुढे मांडून त्यांना फसवणे हा त्यात गुन्हा आहे.

म्हणून अंगात येण्याचे प्रसंग माळेगाव किंवा येरमाळ्याच्या यात्रेतल्या खऱ्या गर्दीत चित्रित करू नयेत, कितीही स्वस्त पडत असले तरी. गर्दी स्वतःची उभी करावी, ठाण्याचा देखावा गावापासून दूर बांधावा आणि हे चित्रीकरण आहे असा मोठा फलक वाटेवर लावावा. इतके करूनही चित्रीकरण संपल्यावर कोणीतरी नारळ घेऊन अभिनेत्रीसमोर प्रश्न विचारायला येण्याची शक्यता असते. अशा वेळी तिने काय उत्तर द्यावे आणि तिच्यासोबत कोणी थांबावे, हे दिग्दर्शकाने पहिल्या दिवसाच्या आधीच ठरवून ठेवावे.